पूर्णेच्या डोहात देशमुखांची नात

मुक्काम पिंपळखुटे, पूर्णाकाठ, जिल्हा अकोला
श्रावण शुद्ध ८, शके १७८६

राजमान्य राजश्री भगवंतराव देशमुख, अमरावती, यांसी आपला व्याही महादेवराव याचा रामराम.

आपली नात चि. तारा सुखरूप पोचली. निम्मी ती माझीही नात आहे, पण गाडीतून उतरली तेव्हा सगळीच देशमुखांची होती. पाय धुवायला पाणी द्या म्हणाली, तेही आमच्या घरच्या म्हशीला उद्देशून. दोन दिवसांत आमच्या वळणावर आली. आता पाय धुवायलाच तयार नाही.

तान्ह्या भावाला चिमटे काढते म्हणून आपण तिला महिनाभर आजोळी धाडलं. इथं चिमटे काढायला घरात मीच एक सापडतो. माझं कातडं वीस वर्षं गाडीवानी केलेलं, त्यामुळं तिचं मन म्हणावं तसं रमत नाही. आमच्या लेकीला, चि. गोदेला, सांगावं की पोरगी जेवते, झोपते, आणि बाळाचं नाव काढलं की अजून ओठ पुढं काढते.

पावसाळ्यापुरता अकोल्याचं घर बंद करून इथं शेतावर आलो आहे. कपाशी बरी आहे. बरी कसली, वेड लागल्यासारखी पेरली आहे लोकांनी. परसात तुळशीच्या शेजारी कपाशी, गोठ्याच्या दारात कपाशी. तिकडं सातासमुद्रापलीकडं भाऊ भाऊ लढून राहिले, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडं आमच्या गावच्या जानरावाच्या बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या आल्या. बैल बिचारे मान वर करीत नाहीत. लाजतात की जड होतं, ते बैल जाणे.

माझी अर्धी कपाशी नदीच्या पलीकडं. वाटेचा चिखल असा की गाडी घातली तर दसऱ्याला निघेल. म्हणून नत्थुजी भोयाकडून एक लहान डोंगा घेतला. एकाच झाडाचा कोरलेला आहे. एक माणूस ऐसपैस बसेल, दीड माणूस जपून बसेल. कामापुरता घेतला आहे.

मुलीची काळजी नसावी. सौ. विहीणबाईंना आमच्या कुटुंबाचा, पार्वताबाईचा, नमस्कार.

आपला
महादेवराव


अमरावती
श्रावण शुद्ध १२, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सरे

राजश्री महादेवराव यांसी भगवंतराव देशमुख यांचा नमस्कार. विनंती विशेष.

पत्र पावले. चि. तारा सुखरूप हे वाचून समाधान झाले. म्हशीचा मजकूर आम्ही घरात वाचून दाखविला नाही.

आपण डोंगा घेतल्याचे कळविलेत. आपला व्यवसाय आपण जाणता. परंतु पत्रात "दीड माणूस" असे शब्द आहेत. आपण पूर्ण एक आहात, हे आम्ही लग्नाच्या पंगतीत पाहिले आहे. उरलेला अर्धा कोण, असा प्रश्न आपल्या विहीणबाईंनी, सौ. मनकर्णाबाईंनी, काढला. मीही त्या प्रश्नाशी सहमत आहे.

म्हणून एक गोष्ट कळवितो, जी आधीच कळवायला हवी होती. चि. तारेच्या पत्रिकेत सहावे वर्ष पुरे होईपर्यंत जलघात आहे. आम्ही तिला येथे आडाजवळही जाऊ देत नाही. न्हाणीत सुद्धा एक बाई समोर बसून असते. तरी मुलीला नदीपासून, डोहापासून आणि विशेषतः डोंग्यापासून दूर ठेवावे.

तिला पाटी देऊन आजोबांच्या नावाची अक्षरे गिरवायला बसवावे. येथे ती "भगवंत" पर्यंत आली होती.

आपले जावई चि. हरिहर जमीनमोजणीच्या कामात आहेत. बाळ चांगले आहे. अंगावरचे वळ गेले.

कळावे,
भगवंतराव


मुक्काम पिंपळखुटे
श्रावण वद्य ४

व्याहीबुवांस महादेवरावाचा रामराम.

आपलं पत्र पौर्णिमेला पावलं. नीट वाचलं, पार्वताबाईला वाचून दाखवलं, आणि जलघाताचं जे लिहिलं ते ध्यानात ठेवलं. आपण सांगितलेलं मी ऐकलं नाही असं आजवर झालेलं नाही.

तारा डोंग्यात बसते, हे मी लपवीत नाही. पण डोंगा आहे अंगणात, निंबाखाली. जमीन कोरडी, वर सावली. ती पुढं बसते, मी मागं बसतो, आणि आम्ही दोघं वाऱ्याला वल्हं मारतो. एका दुपारी आमच्या अशा तीन खेपा होतात. पलीकडं पोचलो हे कसं कळतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "कोंबडी आली की पोचलो." कोंबडी येत नाही तोवर मला उतरू देत नाही. काल कोंबडी शेजारी गेली होती. माझा सूर्य तिथंच मावळला.

पार्वताबाई दारातून म्हणते, "अंगणात वल्लं मारून म्हातारा कोठी चालला, मले तं काई समजत नाई." तिला समजावं अशी माझीही अपेक्षा नाही.

अक्षरांचं म्हणाल तर पाटी आणली. "भगवंत" मधला भ तिनं झकास काढला. पण त्याला दोन शिंगं काढली आणि म्हणाली, हा बैल. मी पुसून टाकला.

बैलावरून आठवलं. एक विनंती आहे. पोळ्याला मुलीला परत पाठवायचं ठरलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडं तान्हा पोळा असतो, लेकरं आपापला लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. सुताराकडून तिच्यासाठी तांबड्या रंगाचा बैल करून घेतला आहे. तेवढा दिवस तिला राहू द्यावं. बैल तिच्या उशाशी असतो, आणि रंग पुरता वाळला नव्हता, त्यामुळं उशी आणि डावा गालही सध्या तांबडा आहे.

आपला
महादेवराव


अमरावती
श्रावण वद्य १०

राजश्री महादेवराव यांसी भगवंतराव यांचे लिहिणे.

माझा भाचा शेषराव कचेरीत कारकून आहे. पाहणीच्या कामासाठी तो पूर्णाकाठी गेला होता. काल येथे जेवावयास आला. जेवताना त्याने एक हकीकत सांगितली. ती तशीच्या तशी लिहितो.

वद्य प्रतिपदेच्या सकाळी तो आपल्या गावाच्या कोसभर खाली एका घाटावर बसला होता. वरून एक डोंगा आला. डोंगा आडवा येत होता. त्यात भल्या मोठ्या पागोट्याचा एक म्हातारा होता. तो वल्हे मारीत होता आणि बैल हाकावे तशी जिभेने टकटक करीत होता. त्याच्या पुढे एक लहान मुलगी होती. ती "हान आज्या, हान" असे ओरडत होती. डोंग्याच्या पुढे पाण्यात एक तांबडा बैल वाहत चालला होता. घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांनी तो बैल काढून दिला.

शेषराव म्हणाला, मुलगी चुणचुणीत होती, पण बिचारी कुबडी होती. पाठीवर मोठे कुबड होते, एक नव्हे, दोन.

ह्या कुबडामुळे मी काही घटका स्वस्थ राहिलो. आमच्या तारेला कुबड नाही, तेव्हा ती मुलगी तारा नव्हे, असे मी सौ. मनकर्णाबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, महिन्याभरात काय होईल सांगता येत नाही. नंतर आपले पत्र पुन्हा काढून वाचले. त्यात तांबडा बैल आहे. आणि आपले पत्र चतुर्थीचे, म्हणजे त्या सकाळनंतर तीन दिवसांनी लिहिलेले. अंगण, निंब, कोंबडी, सगळे आहे. नदी नाही.

महादेवराव, आपण खोटे लिहिले नाहीत. इतके खरे लिहिलेत की त्यात नदी बुडाली.

तान्ह्या पोळ्याचा दिवस आपल्या विनंतीप्रमाणे दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेषराव गाडी घेऊन येईल. तारेला त्याच्याबरोबर पाठवावे. यापुढे ती आजोळी येणार नाही. आपली भेट व्हावी असे वाटले तर आपण येथे यावे. आपले स्वागत आहे.

कुबडाविषयी खुलासा परत डाकेने करावा. घरात फार काळजी आहे.

भगवंतराव


मुक्काम पिंपळखुटे
श्रावण वद्य १४

व्याहीबुवा, रामराम.

आधी कुबड. ते भोपळे होते. दोन सुके दुधी भोपळे, आतून पोकळ, तोंडं मेणानं बंद केलेली, तिच्या पाठीला साडीच्या काठानं आवळून बांधलेले. नदीकाठची पोरं असंच पोहायला शिकतात. पोर पाण्यात पडलं तर भोपळा त्याला वर ठेवतो. विहीणबाईंना आधी हे वाचून दाखवावं आणि मग पुढचं.

आता सगळं सांगतो. शेषरावांना मी त्याच सकाळी ओळखलं होतं. चेहऱ्यानं नाही. घाटावर त्यांची गाडी वळली तेव्हा कणा कुरकुरला, आणि तो आवाज मी आपल्या दारात ऐकलेला आहे. त्या गाडीला कोणी वंगण घालीत नाही. तेव्हाच समजलो, बातमी अमरावतीला जाणार, जरा सावकाश जाईल इतकंच.

झालं असं. त्या दिवशी पूर उतरून आठ दिवस झाले होते. आमच्या गावाखाली डोह आहे, तिथं पाणी तळ्यासारखं उभं असतं. नत्थुजी आपल्या डोंग्यात शेजारून चालणार होता. मला पलीकडची कपाशी पाहायची होती आणि तारेला मला पलीकडं जाताना पाहायचं नव्हतं. दोन दिवस ती निंबाखाली वल्हं मारून कंटाळली होती. म्हणाली, "आज्या, ह्यो डोंगा हालत नाई. पान्यातला हालते." मी डोंगा निंबाखालून ओढायला घेतला.

मी जन्माचा गाडीवान. कापूस घेणारा नंतर झालो. गाडी भरताना मागं वजन जास्त झालं तर उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांचे गळे आवळतात. म्हणून मी डोंगाही तसाच भरला. मागं मी, तर पुढं तारा, तिच्यापुढं जोंधळ्याचं पोतं, पोत्यावर बैल. डोंग्यानं नाक पाण्यात घातलं आणि पाणी प्यायला लागला.

नत्थुजी म्हणाला, "महादेवराव, हे गाडी नोय ना जी. याले उलाळ होत नाई. हे बुडते."

पोतं काढलं. बैल काढू म्हटलं तर तारा म्हणाली, "बैल काढला तं वढीन कोन?" गाडीवानाला हे पटतं. बैल ठेवला.

निघालो. दहा हात गेलो आणि ती म्हणाली, "मले भूक लागली." नागपंचमीच्या उरलेल्या लाह्या आणि गूळ दुपारसाठी बांधून दिला होता. वीस हात गेलो तेव्हा फडक्यात एक लाही होती. ती तिनं बैलाला दिली. तीस हातांवर म्हणाली, "आज्या, मले लागली." परत काठावर. पुन्हा निघालो, पुन्हा लागली. तिसऱ्या वेळी मी काठावर नेलं तर म्हणाली, आता नाही लागली, काठ पाहायचा होता.

मग खरी गंमत. गाडीवानाचा चाबूक उजव्या हातात. सगळी उमर उजव्या हातानं हाकलं. त्यामुळं वल्हंही मी उजव्याच अंगाला मारीत होतो, आणि डोंगा जागच्या जागी घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. डावीकडं न्यायचा म्हणून मी डावीकडं कलत होतो, कासरा ओढल्यासारखा. मला घाम फुटला. तारेला वाटलं, डोंग्याचं काम हेच. "पुना फिरव," म्हणाली. नत्थुजीनं तिकडून सांगितलं की दोनदा इकडं मारा, दोनदा तिकडं. ते माझ्याआधी तिला कळलं. मग ती मला मोजून देऊ लागली. तिला तीनपर्यंत येतं, पण दोनवर थांबणं तिच्या स्वभावात नाही.

बैल पडला तो अशा एका तिसऱ्या वेळी. लाकडी असल्यानं बुडाला नाही, वाहू लागला. मी म्हटलं जाऊ दे, दुसरा करू. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी एखादं जितं जनावर वाटेत सोडून चाललो आहे. वीस वर्षांत मी वाटेत बैल सोडला नाही. मग काय, धावलो मागं. डोह संपला, पुढं धार होती, पण कमरेइतकी. नत्थुजी मागून शिव्या देत येतच होता. तिला त्यातल्या दोन आता येतात, तेवढं सांभाळून घ्यावं. अशानं घाटावर पोचलो. धुणेवाल्या हसत होत्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "म्हातारा पोट्टीले घेऊन चालला का पोट्टी म्हाताऱ्याले?" तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. माझे कान सरकी दाताखाली कशी फुटली त्यावरून माल ओला की सुका ते सांगतात. मला सगळं ऐकू येतं.

येताना ती माझ्या पायांवर झोपली, भोपळ्यांसकट. आम्ही काठाकाठानं डोंगा ओढत आणला. कपाशी मी पाहिलीच नाही. अजून पाहिलेली नाही.

आता दोन गोष्टी. आपण रागवाल, पण आता लपवून काय.

तारेचा जन्म माझ्या घरी झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पत्रिका माझ्या ओसरीवर मांडली, आणि जोशीबुवांच्या समोर मी बसलो होतो. त्यांनी स्वभाव हट्टी सांगितला, सासर लांबचं सांगितलं, दात लवकर पडतील सांगितलं. पाण्याचं नाव काढलं नाही. आपण जलघात लिहिला तेव्हा मी पत्रिका काढून पुन्हा पाहिली. नाही. मी बोललो नाही, कारण व्याह्याला कागदावरून खोटं पाडायचं नसतं. मला वाटलं, देशमुखांच्या मनात काही असेल, ते सांगतील तेव्हा सांगतील.

दुसरी गोष्ट माझी. गोदा पाच वर्षांची होती तेव्हा मी कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईच्या वाटेवर असायचो. दसऱ्यानंतर गेलो की पावसाच्या तोंडावर घरी. एका साली दारात उभा राहिलो तर ती आत आईला सांगायला गेली, "कोनी गाडीवाला आला. पानी मांगते." ती खोटं बोलली नव्हती. पाणी पिऊन आठ दिवसांत मी पुन्हा गेलोही. आज माझ्या दारात गाड्या दुसऱ्यांच्या उभ्या राहतात. पण पाच वर्षांची पोर घरात कशी असते ते मी ह्या श्रावणात पहिल्यांदा पाहून राहिलो. ती तीनदा काठावर ने म्हणाली, आणि मी तीनदा नेलं, आणि मला कुठंच जायचं नव्हतं.

म्हणून नेलं डोंग्यात. दुसरं कारण नाही. तारेचं येणं बंद करू नये ही विनंती आहे. पण नात आपली आहे, आणि आपण सांगितलेलं मी ऐकलं नाही असं आजवर एकदाच झालं आहे. शेषराव येतील तेव्हा ती तयार असेल.

महादेवराव


पिंपळखुटे
भाद्रपद शुद्ध २

व्याहीबुवा,

हे पत्र शेषरावांच्या हाती देतो आहे. तान्हा पोळा झाला. सगळ्या पोरांचे बैल तांबडे, हिरवे, चांदी लावलेले. आमच्याच बैलाचा रंग नदीनं नेला, तर तारा घरोघर सांगत होती की माझा बैल म्हातारा आहे, त्याला जास्त द्या. जास्त मिळालं.

सोबत तिचे कपडे, बैल, आणि पार्वताबाईनं केलेले सांजोरीचे डबे दोन. एक डबा वाटेत संपेल.

जाताना रडली नाही. मला म्हणाली, "तू रडू नको, कोंबडी हाय ना." मी गाडीच्या कण्याला वंगण घालून दिलं आहे. आता ती वाजणार नाही, तेव्हा दारात येईपर्यंत आपल्याला कळणार नाही. जरा बाहेर बसून राहावं.

महादेवराव


अमरावती
भाद्रपद शुद्ध १२

राजश्री महादेवराव यांसी भगवंतराव यांचा नमस्कार.

मी बाहेर बसून होतो.

आपले श्रावणातले मोठे पत्र पोचून दहा दिवस होत आले. उत्तर लिहिले नाही, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते. आता ठरविण्याजोगे फारसे उरले नाही. येथे काय झाले ते लिहितो.

तारा आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सौ. मनकर्णाबाईंची किंकाळी ऐकू आली. मी सोप्यात गेलो. तारेने भाकरीची मोठी लाकडी काथवट मधोमध ओढली होती. आत दुपटे घातले होते, दुपट्यावर बाळ होते. बाळाच्या दोन बाजूंना दोन उशा बांधल्या होत्या. ती स्वतः मागे जमिनीवर बसून पळीने वल्हे मारीत होती, दोनदा इकडे, दोनदा तिकडे. चि. गोदा दाराशी उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होती. मुलगी बाळाला सांगत होती, "हालू नको रे. हात बाहीर काढू नको. तुले लागली तं सांग, काठावर नेतो."

महिन्याभरापूर्वी ह्याच बाळाच्या दंडावर वळ होते. मी तेथे उभा राहून पाहिले, महादेवराव. तिने एकदाही चिमटा काढला नाही. बाळाने मात्र काठावर नेण्याची वाट पाहिली नाही.

आता जलघाताविषयी. पत्रिकेत तो नाही. आपण ते पहिल्याच पत्राला जाणून होता आणि बोलला नाहीत, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहे आणि थोडा ओशाळलोही आहे. असे का लिहिले, ते सांगणे अवघड आहे, तरी सांगतो. तारा मला "आबासाहेब" म्हणते. मी खोलीत आलो की खेळ टाकून उभी राहते. तिला तसेच शिकविले आहे, आणि शिकविणारा मीच. आपल्या पहिल्या पत्रात म्हैस होती, चिमटे होते, न धुतलेले पाय होते. ते वाचून घरात सगळे हसले. मी ते पत्र खोलीत नेऊन पुन्हा वाचले, आणि मला वाटले की ही मुलगी तेथून परत येईल ती माझ्यासमोर नुसती उभी राहण्यासाठी. मग तिने तेथे फार न रमावे, असे मनात आले. देशमुखाला ते तसे लिहिता येत नाही. पत्रिकेवर घालता येते.

त्या सकाळी मी काथवटीपाशी गेलो आणि विचारले, मला जागा आहे का. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाली, "नाई. तुमी लय जड हा. डोंगा बुडन." मी परत वळलो. तेव्हा म्हणाली, "तुमी काठावर ऱ्हा. काठावर मानूस पाह्यजे."

मी विचारले, काठावरच्या माणसाने काय करायचे.

"हाका मारा. ये लवकर, ये लवकर, असं म्हना."

तेव्हा मी, भगवंतराव देशमुख, अंगरखा घालून कचेरीस निघालेला, आपल्याच सोप्यात उभा राहिलो आणि हाका मारल्या. ताराबाई, ये लवकर. ती मान वर न करता म्हणाली, "आजून नाई." मी पुन्हा हाक मारली. "आजून नाई." कचेरीचा शिपाई दोनदा दारात येऊन गेला. त्याने काय पाहिले आणि गावात काय सांगितले, ते अद्याप माझ्या कानावर आलेले नाही. आपले कान आपण म्हणता तसे असतील तर आपणास माझ्याआधी कळेल.

शेवटी ती आली. काथवट उंबरठ्याला लागली, तिने बाळाला गोदेकडे दिले, आणि माझ्याकडे हात वर केले. मला प्रथम समजले नाही. तिला काठावर उचलून घ्यायचे असते, असे गोदेने सांगितले.

तेव्हापासून हे रोज चालले आहे. कचेरीस जाण्यापूर्वी एक खेप होते.

मागच्या पत्रात तिच्या आजोळी येण्याविषयी मी जे लिहिले होते ते वाचले नाही असे समजावे. पुढल्या श्रावणात ती आपल्याकडे येईल. तिच्याबरोबर मीही येत आहे. डोहाच्या पलीकडल्या अंगाला उभे राहण्यासाठी सावलीची एखादी जागा पाहून ठेवावी.

भगवंतराव